फाई उत्तर देत नाही

बान नोंग तूम, सुरिन
१४ जून

पिकुन,

हे पत्र तू फाडशील असं धरूनच लिहायला बसलेय. फाडण्याआधी फाईपुरतं तरी वाच. आणि तुझ्याआधी ज्यांना हे वाचावं लागतं त्या तुरुंगातल्या बाईंना नमस्कार. अक्षर शिवणकाम करणाऱ्या बाईचं आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात काचेपलीकडे बसून तू फोन उचललास, "ताई, परत येऊ नकोस" एवढंच म्हणालीस आणि पाठ फिरवलीस. मी दोन बस बदलून आले होते. पण तक्रार करत नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी सगळ्या गावादेखत बोलले की या पोरीला पुन्हा हिच्या हाती देऊ नका. ते तू ऐकलंस. मी रागात बोलले असं सगळ्यांना सांगते.

फाई बरी आहे. आठ पूर्ण झाली. शाळेच्या स्कर्टची दुमड दोन बोटं सोडावी लागली. तिला माझ्या खोलीत वेगळी गादी केलीय, सावरीच्या कापसाची. चिकट भात आणि भाजलेली कोंबडी दिली की पान स्वच्छ करते. आंबवलेल्या मासळीचा वास आला की तुझ्यासारखंच नाक मुरडते आणि तुझ्यासारखीच दोनदा मागून घेते.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवून चालणार नाही. ती बोलते, मुकी झालेली नाही. सावलीत बसून मुंग्यांशी बोलते, माझ्या मशिनच्या पायट्याशी बोलते. पण कुणी प्रश्न विचारला की तोंड मिटतं. काहीही विचारा. भूक लागली का? गप्प. पाय दुखतोय का? गप्प. आणि आपल्या गावात तर रामराम म्हणजेसुद्धा प्रश्नच! जेवलीस का, कुठे निघालीस, कुठून आलीस. बिचारी घरापासून शाळेपर्यंत दहा माणसांना गप्प राहून ओलांडते. वाण्याची बायको म्हणाली, "भाचीला शिंगं फुटली वाटतं, लमदुआन." मी तिच्या ब्लाउजची बाही उसवून दिली आणि म्हटलं, दुसरीकडे शिवून घे.

शाळेत हजेरीला "आले" म्हणत नाही. तोंडी परीक्षेत शून्य. बाई म्हणतात, असंच राहिलं तर दुसरीतच ठेवावं लागेल. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, धक्का बसलाय, वेळ लागेल. वेळ लागेल हे सांगायला त्याला वीस मिनिटं लागली.

त्या सकाळी पोलीस आले तेव्हा ती घरात होती. तिने काय पाहिलं ते ती सांगत नाही आणि मला विचारता येत नाही. पोलिसांना कुणी सांगितलं ते बुद्धालाच ठाऊक.

तुझी ताई


५ जुलै

पिकुन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. वाचलंस असं समजते.

विहारामागच्या जमिनीवर ज्या प्रपाय डॉक्टरीणबाई राहतात त्या तुला आठवत असतील. पशुवैद्य खात्यातून निवृत्त झाल्या. केस पुरुषी कापलेले, गाडी गंजलेली. कुणाची वर्षश्राद्धं असली, कुणाचं दुखणं बरं झालं की लोक कत्तलखान्याच्या दारातून म्हैस सोडवतात, विहाराला देतात, पुण्य घेतात, फोटो काढतात आणि घरी जातात. जनावर मागे राहतं. त्याला चारा कोण घालणार? मोठ्या भन्तेजींनी ते सगळं या बाईंच्या गळ्यात घातलंय. अकरा म्हशी, तीन गाई, दोन डुकरिणी, एक लंगडी शेळी. शिवाय बंद पडलेल्या पोल्ट्रीतल्या चाळीस कोंबड्या, अंगावर पीस नसलेल्या.

बाई माझ्याकडे जाड कापडाचे ॲप्रन शिवायला आल्या. "पोरांच्या मापाचे हवेत, सात." शाळेतली, अनाथालयातली काही मुलं शनिवारी त्यांच्याकडे जातात. फाई मशिनखाली बसली होती. बाईंनी वाकून पाहिलं.

मी घाईने म्हटलं, "तिला काही विचारू नका, ती उत्तर देत नाही."

"मग नाही विचारत."

"अहो, पण विचारल्याशिवाय बोलायचं कसं माणसाने?"

"माझ्या गोठ्यात एवढी तोंडं आहेत, एकही उत्तर देत नाही. माझं चाललंय ना तीस वर्षं?"

मग जाताजाता, माझ्याकडे नाही, फाईकडेही नाही, दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाल्या, "शनिवारी आठ वाजता वैरण घालते. एक हात कमी पडतो." आणि गेल्या.

शनिवारी सात वाजता उठून बघते तर फाई चपला घालून पायरीवर उभी. मी तोंड उघडलं, "जायचंय का ग—" आणि मिटलं. म्हटलं, "मी छत्री घेते." ती चालायला लागली.

तिथे थोंगबाय नावाची म्हैस आहे. बारा वर्षांची, पोट उतरलेलं, एक शिंग कानाकडे वळलेलं. ट्रकमधून ओढून काढताना तिची वेसण नाकपुडी फाडून बाहेर आली. जखम भरली, पण तेव्हापासून डोक्याकडे कुणाला हात नेऊ देत नाही. बाईंनाही नाही. अंगावर येत नाही, फक्त मान फिरवून निघून जाते.

फाई कुंपणाशी उभी राहून तिच्याकडे दोन तास बघत होती. थोंगबाय तिच्याकडे बघत रवंथ करत होती. एवढंच झालं. परत येताना फाई वाटेत आपणहून म्हणाली, "तिला वेसण नाहीये आता."

मी काही विचारलं नाही. जिभेला चिमटा काढला अगदी.

ताई


३० जुलै

पिकुन,

आज ऐकायला बरं वाटेल असं खूप आहे, म्हणून कागद मोठा घेतलाय.

आधी कोंबड्यांचं. त्या आल्या तेव्हा त्यांना जमिनीवर चालता येत नव्हतं. जन्मभर जाळीवर उभ्या. मातीत सोडलं की पाय वर उचलून जागच्या जागी थिजायच्या, जणू खाली निखारे आहेत. मुलांना वाटलं आजारी आहेत. बाई म्हणाल्या, "आजारी नाहीत, त्यांना माहीतच नाही. तुम्ही शेजारी बसा, घाई करू नका." मग सात मुलं मातीत मांडी घालून, आणि समोर चाळीस नागड्या कोंबड्या! सभा भरल्यासारखी. चौथ्या शनिवारी एकीने माती उकरली. किडा सापडला तिला. मुलांनी असा आरडाओरडा केला की विहारातून भन्तेजी धावत आले.

अनाथालयातली आओय म्हणून एक अकरा वर्षांची मुलगी आहे, बोलताना अडखळते. ती डुकरिणींना धडा वाचून दाखवते. पहिल्या दिवशी एक पान वाचायला अर्धा तास. डुकरिणी पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात. आओय मला म्हणाली, "त्या झो-झोपतात, पण ह-हसत नाहीत." परवा तिने शाळेत प्रार्थनेच्या वेळी सूचना वाचली. अडखळली, पण पूर्ण वाचली.

आता आपल्या पोरीचं. बाईंनी तिला एक वही दिली. म्हणाल्या, "थोंगबाय काय काय करते ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही." चष्मा कपाळावरच होता. फाईला तेव्हा नीट जोडाक्षर येत नव्हतं. पहिल्या पानावर लिहिलंय, "शेण पातळ. राग नाही." दुसऱ्यावर, "चिखलात बसली. मी पण." (तो ॲप्रन मला तीनदा धुवावा लागला.) आता पान भरतं. वही मी शाळेत नेऊन दाखवली. शाळेच्या बाईंनी चाळली, आणि लगेच पेन काढून लेखनाच्या रकान्यात गुण भरले.

गणिताचंही सांगते. म्हशीला तराजूवर चढवता येत नाही. तर छातीचा घेर आणि अंगाची लांबी मापून वजन काढतात. माझी मापं घ्यायची टेप पुरेना, दोन जोडून दिल्या. फाई मातीत काडीने गुणाकार करते, भागाकार करते. आकडा चुकला की थोंगबाय एकदम हत्ती होते नाहीतर शेळी. पोरगी स्वतःशीच हसते आणि पुसून पुन्हा मांडते. चारशे बारा किलो निघालं शेवटी. बाईंनी तपासलं, बरोबर होतं.

"शाबास, शहाणी गं माझी!" मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. काडी टाकून गोठ्यात निघून गेली, त्या दिवशी पुन्हा बाहेर आली नाही. काय चुकलं मला कळलं नाही. बाई म्हणाल्या, "गुरांमध्ये एक असतं. प्रेमाने हाक मारली की पळतं. कारण कधीतरी कुणीतरी प्रेमाने हाक मारूनच पकडलेलं असतं."

मी घरी आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

तू कशी आहेस? मला प्रश्न विचारायची सवय मोडली नाही अजून. उत्तर नको देऊस.

ताई


२१ ऑगस्ट

पिकुन,

लावणी संपली. काल बाईंच्या गोठ्यात म्हशींची माफी मागायचा विधी झाला. आपल्या लहानपणी बाबा करायचे तो. आता गावात इंजिनाचे नांगरच फिरतात, म्हशींकडे माफी मागण्यासारखं कुणी काही केलेलंच नसतं. पण भन्तेजी म्हणाले, यांच्याशी तर आपण नांगराला जुंपण्यापेक्षा वाईट वागलोय, यांची आधी मागा.

केळीच्या पानांचा उंच द्रोण केला, उकडलेली अंडी, चिकट भात, फुलं. मंत्र म्हणणारे आजोबा बसले. "तुला जुंपलं, तुला चाबूक मारला, उन्हात उभं केलं, शिव्या दिल्या, मनावर घेऊ नकोस, तुझा जीव घाबरून रानात पळाला असेल तर परत ये." म्हाताऱ्याचा आवाज फाटलेला, पण मला बाबा आठवले. तू त्यांच्या खांद्यावर बसून म्हशीच्या शिंगांना पांढरा दोरा बांधायचीस.

मग प्रपायबाई मुलांना म्हणाल्या, "कुणाला माफी मागायची असेल तर मागा. नसेल तर गवत घाला. दोन्ही चालतं."

मुलं पांगली. मी थोंगबायच्या गोठ्यामागे द्रोणाची पानं आवरत होते. बांबूची भिंत, फटीतून सगळं दिसतं. फाई आत आली. दोरा घेऊन उभी राहिली. थोंगबायने मान फिरवली नाही. पिकुन, त्या म्हशीने डोकं खाली घातलं. फाईने आधी वळलेल्या शिंगाला दोरा बांधला, मग सरळ शिंगाला, आणि मग फाटक्या नाकपुडीवर तळवा ठेवून बोलायला लागली.

जशी बोलली तसं लिहिते.

"थोंगबाय, मी तुला काही केलेलं नाही. पण मला कुणाची तरी माफी मागायचीय म्हणून तुझी मागते. त्या पोलीसकाकांनी विचारलं, आईची औषधं कुठे असतात बाळा? मला वाटलं तापाची. मी भाताच्या टोपलीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, शहाणी गं माझी. मग आईला घेऊन गेले. मी सांगितलं नसतं तर नसतं नेलं. आता मी कुणालाच काही सांगत नाही."

म्हैस उभी होती. कान हलवत होती.

मी पानांचा ढीग तिथेच टाकून घरी आले. आज सकाळपासून तीन गणवेश कापले, तिन्हींची बाही उलटी बसली.

तुला एवढं कळावं म्हणून लिहिलं. बाकी मला आज लिहिता येत नाही.

ल.


१६ सप्टेंबर

पिकुन,

हे पत्र मी चार वेळा लिहून चुलीत घातलं. हे पाचवं. पत्र तपासणाऱ्या बाई, यात कायद्याविरुद्ध काही नाही. जाऊ द्या.

पोलिसांना मी बोलावलं.

गेल्या ऑक्टोबरात मी फाईचा गणवेश द्यायला तुझ्याकडे आले होते. तू बाजारात होतीस. तुझा तो देचा चटईवर बसून नशेच्या गोळ्या मोजून पुड्या बांधत होता आणि फाई त्याच्या शेजारी बसून त्या पुड्यांना रबर लावत होती. गृहपाठ केल्यासारखी, जीभ बाहेर काढून. मी तशीच गावप्रमुखांकडे गेले. म्हटलं, "सोमबतभाऊ, त्या माणसाला उचला. माझ्या बहिणीचं नाव येता कामा नये." ते म्हणाले, "पिकुनला काही होणार नाही, माझा शब्द." मी विश्वास ठेवला. पोलीस आले तेव्हा देचा दोन दिवस आधीच पळालेला होता. घरात तू होतीस, टोपली होती आणि फाई होती.

इथपर्यंत सांगून थांबले असते तर तू कदाचित म्हणाली असतीस, ताईने पोरीच्या भल्यासाठी केलं. मीही स्वतःला वर्षभर तेच सांगत आले. पण फाईच्या गादीचं मी तुला लिहिलं होतं ना? ती मी पोलीस येण्याच्या आदल्या दिवशी शिवली. तू आत जाणार नाहीस असं मला सांगितलेलं असताना शिवली. आत गाठ मारत होते तेव्हा मला बरं वाटत होतं. माझ्या घरात मूल झोपणार म्हणून बरं वाटत होतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी रागात बोलले नव्हते.

आता फाईचं. विधीच्या दिवशी मला कळलं की माझं ओझं ती आठ वर्षांची पोर डोक्यावर घेऊन फिरतेय. तरी मी सतरा दिवस गप्प बसले. रोज ठरवायची, रोज तिला जेवायला वाढायची आणि मनात म्हणायची, उद्या. ती माझ्याकडून जाईल ही भीती. शेवटी प्रपायबाईंना सांगितलं. वाटलं त्या मला चार शब्द सुनावतील. त्या गाईच्या खुरातली घाण काढत होत्या. म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मी तुमची म्हैस आहे का?"

त्या संध्याकाळी फाई थोंगबायच्या अंगावरच्या गोचिडी काढत होती. मी शेजारी उकिडवी बसले.

"फाई, पोलिसांना मी बोलावलं होतं. त्यांना आधीच माहीत होतं. तू बोट दाखवलं नसतंस तरी त्यांनी टोपली उलटी केली असती. तुझ्यामुळे काही झालं नाही. माझ्यामुळे झालं."

तिच्या हातातली गोचिडीची वाटी खाली पडली. माझ्याकडे असं पाहिलं की मी विसरणार नाही. मग म्हशीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मध्ये चारशे बारा किलो.

घरी आली नाही. बाईंच्याच घरी झोपली. मी रोज धुतलेले कपडे नेऊन पायरीवर ठेवायची आणि यायची. काही विचारलं नाही, बोलावलं नाही. पाचव्या दिवशी मी मशीन चालवत होते, दारात सावली पडली.

"मावशी."

मी पायटा थांबवला.

"तू मोठी होतीस ना? मग मला आधी का नाही सांगितलंस?"

पिकुन, वर्षभरात तिने कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न. आणि माझ्याकडे एकच खरं उत्तर होतं, ते दिलं. "घाबरले, बाळा. तू मला सोडून जाशील म्हणून घाबरले."

ती आत येऊन चुलीपाशी बसली. मग म्हणाली, "भूक लागलीय." जेवली. पानावरून उठताना म्हणाली, "मला अजून राग आहे." मी म्हटलं, "हो, असू दे."

त्या दिवसापासून ती थोडी थोडी उत्तरं देते. हजेरीला "आले" म्हणाली, असं शाळेच्या बाई घरी येऊन सांगून गेल्या. वाण्याच्या बायकोने "कुठे निघालीस?" विचारलं तर म्हणाली, "म्हशीकडे. तुम्ही?" ती बाई अजून सावरलेली नाही. अनोळखी माणूस असला, त्यातून अंगावर सरकारी कपडे असले, तर मात्र तोंड मिटतंच.

मी माफ कर असं लिहिणार नाही. लिहिण्याचा हक्क नाही. तुला खरं कळलेलं असावं एवढंच.

लमदुआन


९ डिसेंबर

पिकुन,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. काल जवळच्यांना समोरासमोर भेटायचा दिवस होता. आत जे झालं ते तुला माहीत आहे. बाहेर जे झालं ते कळावं म्हणून लिहिते.

प्रपायबाईंनी आम्हा दोघींना गाडीतून आणलं. फाईने वाटेत तीनदा केस विंचरून घेतले. फाटकाशी खाकी कपड्यातली एक बाई टेबल टाकून बसली होती. मी नाव सांगितलं. तिने यादीवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला जाता येणार नाही."

"मी मोठी बहीण आहे तिची."

"नाव होतं तुमचं. खोडलंय." तिने कागद माझ्याकडे वळवला. तुझ्या अक्षरात माझं पूर्ण नाव, आणि त्यावर रेघ. दोनदा ओढलेली.

पिकुन, लाज वाटली, वाईट वाटलं. पण एक सांगू? खोडलेलं होतं म्हणजे कधीतरी लिहिलेलं होतं. कोंबड्यांच्या पत्रानंतर लिहिलंस की विधीच्या? मी त्या रेघेखालचं नाव बघत राहिले. मागच्या माणसाने ढकललं तेव्हा हलले.

"मुलीचं नाव आहे," त्या बाई म्हणाल्या. "आमची एक जण तिला आत नेईल. पण तिने स्वतः माहिती सांगायला हवी, कागदाशी जुळायला हवी. लहान मुलांच्या बाबतीत नियम आहे. तुम्ही बोलायचं नाही."

खाकी कपडे, अनोळखी बाई, हातात पेन, आणि प्रश्न. मागे पन्नास माणसांची रांग. प्रपायबाईंकडे पाहिलं तर त्या आभाळाकडे बघत होत्या. मी फाईचा हात सोडला. सोडणं भागच होतं.

"नाव काय बाळा?"

फाई गप्प. तिचे कान लाल झाले. मी दात आवळून उभी. मागून कुणीतरी म्हणालं, "मुकी आहे काय पोर? चला की पुढे!"

त्या खाकी बाईंचं भलं होवो, त्यांनी घाई केली नाही. पेन खाली ठेवलं आणि थांबल्या.

फाईने एक लांब श्वास घेतला. पाण्यात उतरण्याआधी घेतात तसा. मग पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

"आईचं नाव?"

सांगितलं. मोठ्याने सांगितलं.

"कशाला आलीस?"

हा प्रश्न कागदावर नव्हता, त्या सहज म्हणून गेल्या असाव्यात. फाई म्हणाली, "आईला एक सांगायचंय. माझी चूक नव्हती ते सांगायचंय."

त्या बाईंनी शिक्का मारला. कागदाकडे न बघताच मारला, तो वाकडा उमटला. फाई फाटकातून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं आणि टोचलंही.

मी दोन तास चिंचेखाली बसले. प्रपायबाईंनी पपईचं सॅलड आणलं, इतकं तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "मिरच्या जास्त घालायला सांगितल्या होत्या मी. रडायला कारण लागतं काही लोकांना."

फाई बाहेर आली ती बोलतच. तुझे केस छोटे केलेत, तू जाड झालीस, तू थोंगबायचं वजन तीनदा विचारलंस, तू रडलीस, मग तिच्या कानात काहीतरी सांगून हसलीस, ते ती सांगणार नाही. गाडीत बसल्यावर चपला काढून पाय वर घेतले. मग म्हणाली, "आईला मी सांगितलं की मी टोपली दाखवली. आई म्हणाली, टोपलीत ते मी ठेवलं होतं फाई, तू नाही. म्हणाली, आई मी आहे, मी तिथे काही लपवायलाच नको होतं."

हे तू तिला सांगितलंस. मी शंभर वेळा सांगितलं असतं तरी ते तिच्या आत गेलं नसतं. तुझ्या तोंडून एकदाच ऐकलं आणि गाडीत माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. माझ्या मांडीवर. सहा मैल मी पाय हलवला नाही.

घर जवळ आलं तेव्हा उठून बसली. म्हणाली, "अरे हो, मावशी, आईने निरोप दिलाय. विसरलेच." आणि तू म्हणालीस तसंच, तुझ्याच आवाजात, भुवया वर करून म्हणून दाखवलं: "मावशीला सांग, तिला मी माफ केलेलं नाही. करीन की नाही तेही माहीत नाही. पण पुढच्या यादीत नाव लिहीन. यावं तिने. मी बोलेनच असं नाही."

प्रपायबाईंनी गाडी थोडी हळू केली.

मी येईन, पिकुन. बोलू नकोस. मी काही विचारणार नाही. समोर बसेन, आणि वेळ संपली की उठेन.

तुझी ताई